ट्रान्सफॉर्मरचं प्रॅक्टिकल स्वतःच्या हातांनी: वायर जोडण्यापासून ओरलपर्यंत

पाच जणांचा गट, एक टेबल, दोन तास. एक जण वायरी जोडतो, दुसरा रीडिंग उतरवून घेतो, उरलेले तिघं मागे उभे. डिप्लोमाला असताना मी त्या मागच्या तिघांपैकी होतो. अक्षर बरं म्हणून कधीकधी लिहायला बसवायचे, पण वायर हातात कधी आली नाही. जर्नल पूर्ण, सह्या पूर्ण, मार्कही चांगले पडले. पुढे ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये लागलो. पहिल्याच आठवड्यात तिथल्या मिस्त्रींनी वॅटमीटर पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "लाव." एम, एल, सी, व्ही अशी चार टर्मिनलं. त्याची आकृती मी झोपेतून उठवलं तरी काढली असती. पहिली वायर कुठे घालायची ते मात्र कळेना.

आज मी पॉलिटेक्निकच्या मशीन लॅबमध्ये शिकवतो आणि एकच गोष्ट धरून बसतो: लॅबमधून बाहेर पडताना प्रत्येकाने निदान एक जोडणी पहिल्या वायरीपासून शेवटच्या वायरीपर्यंत स्वतः केलेली असली पाहिजे. ते कसं साधायचं, हे इथे एकाच प्रॅक्टिकलच्या आधारे सविस्तर सांगतो. सिंगल फेज ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट आणि शॉर्ट सर्किट टेस्ट, म्हणजे सगळे म्हणतात ती ओसी-एससी. इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला आणि डिग्रीला, दोन्हीकडे ती असते.

हीच टेस्ट निवडायचं कारण आहे. गावाकडून आलेल्या प्रत्येक मुलाने डीपी पाहिलेली असते, ती जळाल्यावर चार दिवस अंधारात काढलेले असतात. त्या डीपीवर लोड असो वा नसो, तिचा गाभा चोवीस तास गरम होत असतो. तो लोहव्यय ओसी टेस्टमध्ये मोजतात. लोड वाढला की वाइंडिंग तापतं, तो ताम्रव्यय एससी टेस्टमध्ये. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर या दोन्ही मोजण्या होतात, आणि वितरण ट्रान्सफॉर्मरसाठीच्या आयएस ११८० मानकात ५० टक्के आणि १०० टक्के लोडला एकूण व्यय किती चालेल याची मर्यादा घालून दिलेली आहे. म्हणजे लॅबमध्ये आपण जे करतो तेच काम बाहेर रोज चालू असतं, फक्त मोठ्या आकारात.

आदल्या संध्याकाळी: नेमप्लेट आणि दोन भागाकार

प्रॅक्टिकल लॅबमध्ये सुरू झालं तर उशीर झाला असं समजा. आदल्या दिवशी टेबलावरच्या ट्रान्सफॉर्मरची नेमप्लेट वहीत उतरवून न्या. आमच्याकडच्या एका नगावर लिहिलंय: १ केव्हीए, २३०/११५ व्होल्ट, ५० हर्ट्झ. पुढचे सगळे आकडे मी याच नगाचे धरतो. रीडिंगही उदाहरणादाखल घेतली आहेत, तुमच्या टेबलावर ती वेगळी येतील.

१ केव्हीए म्हणजे १००० व्होल्ट-अँपिअर. १००० ला २३० ने भागा: ४.३५ अँपिअर, हा एचव्ही (जास्त व्होल्टेजच्या) बाजूचा पूर्ण करंट. १००० ला ११५ ने भागा: ८.७ अँपिअर, हा एलव्ही (कमी व्होल्टेजच्या) बाजूचा. एवढ्या दोन आकड्यांवर मीटर निवडता येतात.

ओसी टेस्ट एलव्ही बाजूने करायची, ११५ व्होल्ट देऊन. दुसरी बाजू उघडी असल्यामुळे करंट थोडाच वाहतो, अर्ध्या-पाऊण अँपिअरच्या घरात. त्यामुळे ० ते १ अँपिअरचा अँमीटर आणि ० ते १५० चा व्होल्टमीटर. या अवस्थेत पॉवर फॅक्टर (कॉस फाय, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरमधला प्रत्यक्ष वॅटचा हिस्सा) फार कमी असतो, म्हणून वॅटमीटर लो पॉवर फॅक्टरचा, ज्याच्या तबकडीवर कॉस फाय ०.२ असं छापलेलं असतं.

एससी टेस्ट एचव्ही बाजूने करायची, एलव्ही बाजू जाड वायरीने शॉर्ट करून. करंट ४.३५ पर्यंत न्यायचा आणि नेमका तिथेच थांबवायचा, म्हणून ० ते ५ चा अँमीटर. व्होल्टेज रेटिंगच्या पाच-दहा टक्केच लागतं, म्हणून ० ते ३० चा व्होल्टमीटर, आणि साधा, युनिटी पॉवर फॅक्टरचा वॅटमीटर. हीच टेस्ट एलव्ही बाजूने केली तर ८.७ अँपिअर सांभाळावे लागतील आणि व्होल्टेज सातच्या आसपास येईल, तेही नीट वाचता येणार नाही. "बाजू अशी का निवडली?" हा ओरलचा ठरलेला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर या भागाकारात आहे.

मग पुस्तक मिटून आकृती एकदा पेन्सिलने काढा. अडलात तर उघडून बघा, पुन्हा मिटा, पुन्हा काढा.

टेबलाला हात लावण्याआधी

रबरी तळाचे बूट किंवा चपला. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून खिशात. ओढणी मागे बांधलेली, शर्टाच्या बाह्या सैल नकोत, हात कोरडे. मेन स्विच कुठे आहे हे गटातल्या पाचही जणांनी बोटाने दाखवायचं. कुणाला शॉक बसलाच तर त्याला हात लावायचा नाही, आधी मेन बंद करायचा. हे मी दर आठवड्याला म्हणवून घेतो, कारण प्रसंग आला की माणूस आधी मित्राकडेच धावतो.

एक धोका मात्र बऱ्याच मुलांना कुणी सांगितलेलाच नसतो. डिमर, म्हणजे नॉब फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र, हा ऑटोट्रान्सफॉर्मर असतो. त्यात सप्लाय आणि आउटपुट यांच्यात विलगता नसते, दोन्हीकडे एकच वाइंडिंग. बोर्डावर फेज आणि न्यूट्रल उलटे आले असतील, तर डिमर शून्यावर असतानाही त्याची दोन्ही आउटपुट टर्मिनलं जमिनीच्या मानाने २३० व्होल्टवर असतात. व्होल्टमीटर बिचारा शून्य दाखवतो, कारण तो त्या दोन टर्मिनलांमधलं अंतर मोजतो, तुमच्या आणि टर्मिनलामधलं नाही. म्हणून फेज कुठला आहे हे आधी टेस्टरने बघा, आणि टेबलाच्या मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की सप्लाय तोडणारा स्विच) आहे ना, याची शिक्षकांकडून खात्री करून घ्या.

वायर जोडणी: आधी करंटचा रस्ता

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. दोन तासांतली पहिली ३५-४० मिनिटं यात गेली तरी काही बिघडत नाही.

वायरी उचलण्याआधी प्रत्येक वायर मल्टिमीटरच्या बझरवर तपासा, आणि तपासताना पिनेजवळ हलवून बघा. वरून धडधाकट दिसणारी वायर आतून तुटलेली असते आणि बझर मधूनमधून गप्प होतो. अशी वायर पुन्हा पेटीत टाकू नका, लॅब असिस्टंटच्या हातात द्या. पेटीत टाकलीत तर पुढच्या बॅचचा अर्धा तास तीच खाणार.

आता जोडणी. मुलं आकृतीकडे बघत जे जवळ दिसेल ते जोडत सुटतात आणि वायरींचा गुंता होतो. त्याऐवजी क्रम पक्का ठेवा: आधी करंटचा रस्ता, मग व्होल्टेजच्या फांद्या. डिमरच्या फेजपासून निघा, अँमीटरमधून जा, वॅटमीटरच्या एमला शिरा, एलमधून बाहेर पडा, ट्रान्सफॉर्मरच्या एका टर्मिनलला जा, दुसऱ्यातून निघून न्यूट्रलला परत या. हा एकच वेटोळा आहे, त्यात कुठेही फाटा नाही. तो पूर्ण झाल्याशिवाय दुसरी वायर उचलायची नाही. मग फांद्या: वॅटमीटरचा सी एमला जोडा, व्ही समोरच्या न्यूट्रल लाइनला. शेवटी व्होल्टमीटर ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांवर. रंग पाळा: लाल फेजला, काळा न्यूट्रलला, हिरवा फक्त अर्थिंगला. एका टर्मिनलवर दोनपेक्षा जास्त वायरी चढवू नका, आणि प्रत्येक वायर घट्ट केल्यावर एकदा हलकेच ओढून बघा.

सी एमलाच का, एलला का नाही, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. वॅटमीटरच्या आत एम-एलमध्ये करंट कॉइल असते आणि सी-व्हीमध्ये व्होल्टेजची प्रेशर कॉइल. सी एमला जोडला की करंट कॉइलमधला थोडासा व्यय रीडिंगमध्ये मिसळतो. ओसी टेस्टमध्ये करंटच लहान, त्यामुळे ही चूक नगण्य. करंट मोठा आणि व्होल्टेज लहान असेल, जसं एससी टेस्टमध्ये, तर सी एलला जोडणं जास्त योग्य, कारण मग रीडिंगमध्ये फक्त प्रेशर कॉइलचा व्यय मिसळतो आणि १४-१५ व्होल्टला तो क्षुल्लक असतो. तुमच्या लॅबच्या आकृतीत दोन्हीकडे सी-एम दिलं असेल तर तसंच जोडा, पण फरक माहीत असू द्या.

जोडणी झाली की जोडणारा मागे सरकतो आणि दुसरा पुढे येतो. त्याने आकृती एका हातात धरून दुसऱ्या हाताचं बोट वायरीवरून फिरवायचं आणि मोठ्याने म्हणायचं: "डिमरमधून निघालो, अँमीटरमध्ये शिरलो, बाहेर आलो, एमला गेलो..." ऐकायला हे पोरकट वाटेल. पण चुकलेली वायर डोळ्यांना दिसत नाही तेव्हाही तोंडाला अडते. त्यानंतर शिक्षकांना बोलवा. ते बघून "सप्लाय ऑन करा" म्हणेपर्यंत स्विचला हात नाही.

ओसी टेस्ट

डिमर शून्यावर आहे का बघा. एचव्हीची दोन उघडी टर्मिनलं झाकलेली आहेत का तेही बघा. एलव्हीला ११५ व्होल्ट गेले की त्या मोकळ्या दिसणाऱ्या टर्मिनलांवर २३० व्होल्ट येणार आहेत, आणि "तिकडे तर काही जोडलेलंच नाही" म्हणून हात जातो तो नेमका तिकडेच.

सप्लाय ऑन करून डिमर हळूहळू वर न्या. वॅटमीटरचा काटा उलट जायला लागला तर घाबरू नका. डिमर शून्यावर आणा, सप्लाय बंद करा, एम आणि एलच्या वायरींची अदलाबदल करा. फक्त त्याच दोन.

एकदम ११५ वर उडी न मारता २३, ४६, ६९, ९२ आणि ११५ व्होल्टला थांबून तिन्ही मीटर वाचा. व्होल्टेज सारख्या टप्प्यांनी वाढवलं तरी शेवटच्या टप्प्यांत करंट जास्त झपाट्याने चढतो आणि गुणगुण जाड होते. गाभा संपृक्त व्हायला लागल्याची ती खूण. पुस्तकातला तो वाकलेला आलेख तुम्ही या वेळी कानाने ऐकत असता, म्हणून त्या क्षणी गटाने बोलणं थांबवावं असं मी सांगतो.

मीटर वाचताना डोळा काट्याच्या बरोबर वर हवा. तबकडीवर आरशाची पट्टी असते ती याचसाठी: काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं की आकडा वाचा. बाजूने उभा राहून वाचणाऱ्याचं रीडिंग लिहून घेऊ नका.

समजा ११५ व्होल्टला ०.६५ अँपिअर आले आणि वॅटमीटरचा काटा २२ वर थांबला. हे २२ वॅट आहेत का? ते वॅटमीटरच्या गुणकावर ठरतं. व्होल्टेज रेंज गुणिले करंट रेंज गुणिले तबकडीवरचा कॉस फाय, आणि त्याला एकूण घरांनी भागायचं. १५० व्होल्ट, २.५ अँपिअर, ०.२ आणि ७५ घरं असतील तर गुणक १ येतो, म्हणजे २२ घरं म्हणजे २२ वॅट. प्रेशर कॉइल ३०० च्या टर्मिनलला लावली असती तर गुणक २ झाला असता आणि काटा ११ वर थांबला असता. एकदा मुद्दाम सप्लाय बंद करून टर्मिनल बदला आणि हे बघा. दोन मिनिटांचं काम आहे, गुणक पाठ करायची गरज उरत नाही.

मग जागेवरच कॉस फाय काढा: २२ ला (११५ गुणिले ०.६५) ने भागा, म्हणजे ०.२९. पटण्यासारखा आहे. दरवर्षी कुठल्यातरी टेबलावर १.४७ येतो. कॉस फाय १ च्या वर जाऊच शकत नाही, मग चूक कुठे? तो गट गुणकात ०.२ घ्यायला विसरलेला असतो, त्यामुळे वॅट पाचपट झालेले असतात. लॅबमध्येच हिशोब केला तर हे तिथेच सापडतं, घरी रात्री केला तर रीडिंग "ॲडजस्ट" होतं.

सगळं सोडवा, जागा बदला

ओसी झाली की बहुतेक गट दोन-चार वायरी इकडच्या तिकडे करून एससीकडे वळतात. तसं करू नका. डिमर शून्यावर, सप्लाय बंद, आणि एकूण एक वायर काढून टेबल मोकळं करा. आता माणसं बदला: ज्याने लिहिलं त्याने जोडायचं, ज्याने जोडलं त्याने तपासायचं, ज्याने डिमर फिरवला त्याने लिहायचं. पुढच्या प्रॅक्टिकलला पुन्हा सरकायचं. पंधरा-वीस मिनिटं जास्त जातात. माझ्या मते दोन तासांतली सगळ्यात कामाची तीच.

एससी टेस्ट

या टेस्टमध्ये चुकीला माफी कमी. आपल्या नगाचा शॉर्ट अवस्थेतला इंपिडन्स, म्हणजे करंटला होणारा एकूण अडथळा, साधारण ३.२ ओहम भरतो. आदल्या बॅचने डिमर ६० व्होल्टवर सोडून दिला असेल आणि तुम्ही न बघता स्विच दाबला, तर १८ अँपिअरहून जास्त करंट ५ अँपिअरच्या अँमीटरमधून जायला निघेल. काटा तबकडीच्या टोकाला आपटून वाकलेला मी पाहिला आहे, आणि ज्याच्या हातून ते झालं तो मुलगा पुढचे दोन महिने डिमरला हात लावायला तयार नव्हता. त्याला परत टेबलाशी आणायला त्या मीटरच्या दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागला. म्हणून नियम असा: स्विच दाबणाऱ्याने दुसरा हात डिमरच्या नॉबवर नेऊन तो डावीकडे पूर्ण वळलेला आहे हे बोटांनी तपासायचं, आणि मगच दाबायचं.

एलव्हीची टर्मिनलं शॉर्ट करायला सगळ्यात जाड आणि आखूड वायर घ्या आणि नट पक्के आवळा. सैल राहिलं तर काय होतं ते मोजता येतं. त्या सैल जागी फक्त ०.०५ ओहमचा रोध आला असं धरा. तिथून ८.७ अँपिअर जातात, म्हणजे जवळजवळ ३.८ वॅट त्या नटावर जळतात आणि तुमच्या ताम्रव्ययात जाऊन बसतात. ४६ वॅटच्या रीडिंगमध्ये ही आठ टक्क्यांची चूक झाली, तीही एका न आवळलेल्या नटामुळे.

० ते २७० व्होल्टच्या डिमरवर १४ व्होल्ट म्हणजे नॉब जेमतेम हलवणं. मनगट टेबलाला टेकवा आणि बोटांनी फिरवा, खांद्यातून नको. डोळे व्होल्टमीटरवर नकोत, अँमीटरवर हवेत. काटा ४.३५ ला आला की थांबा आणि पटकन तिन्ही मीटर वाचा. समजा १४ व्होल्ट आणि ४६ वॅट आले. रेंगाळलात तर वाइंडिंग तापून रोध वाढतो आणि वॅट सरकत जातात. कारखान्यात हाच व्यय ७५ अंश सेल्सिअसला नेऊन सांगतात. ३० अंशांना मोजलेला तांब्याचा रोध तिथवर जाताना सुमारे १.१७ पट होतो.

इथे वॅटमीटर ७५ व्होल्ट, ५ अँपिअर, ७५ घरांचा असेल तर गुणक ५ आहे. काटा नऊच्या थोडा पुढे दिसेल. मघाशी २२ वर होता आणि आता नऊवर, तरी वॅट दुप्पट, हे गटाला कळलं का ते विचारा.

घंटा होण्याआधीचा हिशोब

फुल लोड आणि युनिटी पॉवर फॅक्टरला कार्यक्षमता: १००० भागिले १०६८ (१००० अधिक २२ अधिक ४६), म्हणजे ९३.६ टक्के. अर्ध्या लोडला लोहव्यय तोच २२, ताम्रव्यय मात्र चौथा हिस्सा, ११.५. कार्यक्षमता ९३.७. दोन्ही व्यय सारखे होतात तिथे ती सगळ्यात जास्त: २२ भागिले ४६ चं वर्गमूळ ०.६९, म्हणजे ६९ टक्के लोडला ९४ टक्के. आणि गंमत अशी की १ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण लोडला कसा वागेल हे कळायला आपण एकदाही पूर्ण लोड जोडला नाही. १०० केव्हीएच्या डीपीसाठी तेवढा लोड लॅबमध्ये आणायचा कुठून, याचा विचार केला की या टेस्टचं मोल लक्षात येतं.

जर्नल

टेबलाशी घेतलेलं रीडिंग पेनाने लिहा. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला कारण लिहा: "गुणक चुकला", "नट सैल होता". असं जर्नल मी जास्त मार्कांनी तपासतो. एकाच बॅचच्या चारही टेबलांवर करंट अगदी ०.६५ आला, तर ती रीडिंग कुणा एकाचीच असतात. सप्लाय दिवसभर हलत असतो, मीटर वेगळे असतात, दोन ट्रान्सफॉर्मर कधी तंतोतंत सारखे नसतात.

शिकवणाऱ्यांना एक विनंती. महिन्यातून एकदा प्रत्येक टेबलावर निरुपद्रवी बिघाड पेरून ठेवा: आतून तुटलेली वायर, उडालेला फ्यूज, बंद पडलेला व्होल्टमीटर. सप्लाय बंद ठेवून मल्टिमीटरने तो शोधायला लावा. आयआयटींनी चालवलेल्या व्हर्च्युअल लॅबवरही बरेच प्रयोग आहेत. आदल्या दिवशीच्या तयारीला ते जरूर वापरावेत, माझी मुलंही वापरतात. पण त्या पडद्यावर नट सैल राहत नाही.

ओरल

एक्सटर्नल बहुतेकदा चार-पाचच प्रश्न विचारतात. ओसीमध्ये ताम्रव्यय का धरत नाही? आपल्या आकड्यांत सांगा: करंट ०.६५, एलव्ही वाइंडिंगचा रोध ०.३ ओहमच्या आसपास, व्यय ०.१३ वॅट, २२ पुढे तो काहीच नाही. एससीमध्ये लोहव्यय का धरत नाही? व्होल्टेज सहाच टक्के, त्यामुळे गाभ्यातला फ्लक्सही नावापुरता. डीसी दिला तर? फ्लक्स बदलत नाही, उलट विद्युतदाब निर्माण होत नाही, करंटला फक्त वाइंडिंगचा रोध अडवतो आणि वाइंडिंग जळतं.

हे सगळं वाचून येतं. पण काही परीक्षक बोलत नाहीत, मोकळ्या टेबलाकडे बोट दाखवतात. त्यासाठी परीक्षेच्या आठवड्यात लॅब असिस्टंटना विचारून एक मोकळा तास मागून घ्या. सप्लाय बंद ठेवून, आकृती न बघता, ओसीची जोडणी घड्याळ लावून करा. पहिल्यांदा पंचवीस मिनिटं लागतील. तिसऱ्यांदा दहा-बारा.